रुमालाखालचा सौदा

तासगावातल्या त्या आठ जणांच्या लीगमध्ये एक नियम होता. तो नसता तर पद्माकर मगदूम आज कदाचित जिवंत असता. कदाचितच. छातीवर हात ठेवून कोण सांगणार? नियम एवढाच, की सौदा करताना समोरच्याला 'का' म्हणून विचारायचं नाही. 'का देतोस?' हे शब्द ज्याच्या तोंडून निघतील त्यानं सगळ्यांना मिसळ चारायची, आणि वर पुढचे दोन रविवार त्यानं सौद्याला बसायचं नाही.

लीग कसली ते आधी सांगायला हवं. २०४१ साली देशभरात कबड्डीचे बारा मोठे संघ खेळत होते, आणि त्या संघांतले खेळाडू कागदावर वाटून घेऊन हे आठ बाप्ये आपापले संघ चालवत होते. खऱ्या सामन्यात तुमच्या खेळाडूनं चढाईत गुण आणले की तुमच्या कागदी संघाला गुण. तो पकडीत सापडला की बसा बोंबलत. हंगामाच्या सुरुवातीला खेळाडू वाटून घ्यायचे आणि मग दर रविवारी सकाळी शीतगृहाच्या कँटीनमध्ये जमून अदलाबदल करायची. जिंकणाऱ्याला एक पितळी तांब्या मिळायचा. पैशाचा काही संबंध नाही. पन्नाशीला आलेली माणसं, घरी बायका कपाळावर हात मारून घ्यायच्या, पण हंगाम लागला की यांना दुसरं काही सुचायचं नाही.

अदलाबदलीची रीतही यांची खास. यांच्या आजोबांनी जनावरांच्या बाजारात जसे बैल घेतले, तसे हे खेळाडू घ्यायचे. दोघांनी समोरासमोर बसायचं, हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा. खेळाडूंची नावं मोठ्यानं घ्यायची, पण वर किती गुण द्यायचे तो आकडा बोलायचा नाही, बोटं दाबून सांगायचा. एक बोट दाबलं की दहा, दोन दाबली की वीस. भोवती बसलेल्या सहा जणांना चेहऱ्यांवरून काय कळेल तेवढंच. हात सुटले की सौदा पक्का, मग रडायचं नाही.

इंद्रजित खराडे या लीगमध्ये अकरा वर्षं होता आणि तांब्या त्याच्या घरी एकदाही आला नव्हता. हे त्याला लागायचं. तुम्ही हसाल, पण लागायचं. एका बेदाणा निर्यात करणाऱ्या कंपनीसाठी तो माल खरेदी करायचा, तालुक्यात त्याच्या शब्दाला किंमत होती, पण रविवारी रुमाल पडला की समोरचा त्याला गुंडाळून ठेवायचा. सगळ्यात जास्त गुंडाळायचा तो पद्या.

पद्या म्हणजे पद्माकर मगदूम. पाचवीपासूनचा मित्र, शाळेत खेळाचा मास्तर, तरुणपणी तालुक्याच्या संघाचा डावा कोपरा. हसायला लागला की कँटीनच्या पत्र्याला हादरे बसायचे. त्याच्या कागदी संघात सोमनाथ बंडगर होता, देशातला पहिल्या तिनांतला चढाईपटू. हा सोमनाथ मेंढपाळाचा पोर. पद्यानंच त्याला शाळेच्या मैदानावर घडवला होता. सहा वर्षं इंद्रजित त्याला मागत होता आणि सहा वर्षं पद्या म्हणत होता, "माझी किडनी माग, देतो."

त्या वर्षी कंपनीनं खरेदीवाल्यांना अंगठ्या दिल्या.

दिसायला साधी पोवळ्याची अंगठी, ज्योतिषी देतात तसली. आतल्या बाजूनं मात्र तिला केसाएवढे बारीक बारा संवेदक होते. तिच्यामागचं शास्त्र नवं नव्हतं. माणसाला एखादी गोष्ट हवी असली की त्याचं शरीर त्याच्याआधी कबूल करून बसतं. तिचं नाव कानावर पडल्यापासून दीडेक सेकंदात बोटांच्या टोकांतला रक्ताचा ओघ बदलतो, कातडीवर नजरेला न दिसणारा घाम येतो, त्या ओलीतून वीज जरा सहज वाहते, नाडीचे दोन ठोके जवळ सरकतात. हे सगळं शंभर वर्षांपासून माहीत होतं. अडचण अशी होती की माणूस घाबरला तरी हेच होतं आणि रागावला तरी हेच. नव्या यंत्रानं लाखो माणसांचे हात वाचून त्यातला फरक शिकून घेतला होता. भीती वेगळी, राग वेगळा आणि हवंसं वाटणं वेगळं. या हवंसं वाटण्याला अंगठी बनवणाऱ्या कंपनीनं 'ओढ' असं नाव दिलं होतं आणि ती शून्य ते शंभर अशी मोजली जायची. समोरच्याचा हात हातात धरायचा, नाव घ्यायचं, आणि अंगठीबरोबर मिळालेल्या चष्म्याच्या उजव्या काचेच्या कोपऱ्यात हिरवा आकडा वाचायचा.

बेदाण्याच्या सौद्यात तिचा उपयोग दोनच महिने झाला. लोक काय दूधखुळे असतात? व्यापारी लांबूनच नमस्कार करायला लागले. जमिनीच्या व्यवहाराला माणसं हातमोजे घालून येऊ लागली. कवठ्याच्या एका नवरदेवाच्या मामानं मुलीच्या बापाचा हात हातात घेतला तर त्या बापानं भर मांडवात त्याची अंगठी उतरवून घेतली. पण शीतगृहाच्या कँटीनमध्ये कोण संशय घेणार? तिथं तर हात हातात घेणं हीच रीत होती. मंगळ वाईट आहे म्हणून पोवळं घातलंय, असं इंद्रजितनं सांगून टाकलं. आठांतल्या सात जणांनी त्याला नावं ठेवली आणि विषय संपला.

पहिल्या रविवारी समोर रशीद मुल्ला होता. टायरचं दुकान चालवणारा, शांत, पक्का माणूस. त्यानं तोंड वाकडं करून म्हटलं, "तुझा देशवाल काय कामाचा? गुडघा गेलाय त्याचा. मी उपकार म्हणून घेतो."

आकडा दिसला, ७७.

इंद्रजितनं चार बोटं दाबली. रशीदनं हात सोडवल्यासारखं केलं. इंद्रजितनं पुन्हा चारच दाबली. रशीद कळवळला, शिव्या दिल्या, आणि चाळीस गुण मोजून देशवालला घेऊन गेला.

"आयला, मंगळ सुटला म्हणायचा ह्याचा!" पद्या ओरडला, आणि पत्रा हादरला. इंद्रजितच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याच दिवशी तो पद्यासमोरही बसला, मुद्दाम, नुसतं बघायला. "सोमनाथ बंडगर," तो म्हणाला. ८८. पद्या गालात हसत होता, जणू काही ऐकलंच नाही. इंद्रजितला हा आकडा बघून बरं वाटलं. एवढी वर्षं आपण अडाण्यासारखे हात चोळत बसत होतो, ते काही आपल्या मूर्खपणामुळं नव्हतं. या माणसाचा जीवच होता त्या पोरावर.

घरी मात्र अंगठीनं नको ते केलं. एका संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या बसल्या त्यानं बायकोचा, मनीषाचा हात हातात घेतला. ती चकित झाली, जरा सुखावलीही. तो म्हणाला, "महाबळेश्वर." ५. "नवा फ्रिज." ६१. तो हसला. मग त्याच्या मनात आलं, आपलं स्वतःचं नाव घेऊन बघावं. ओठांपर्यंत आलेलं नाव त्यानं गिळलं.

मनीषानं त्याच्या चष्म्याकडं पाहिलं, मग अंगठीकडं. "हे माझ्यावर वापरताय?"

"गंमत केली गं."

तिनं हात काढून घेतला. त्यानंतर ती त्याला भाजीची पिशवी देतानासुद्धा टेबलावर ठेवून द्यायची, म्हणजे बोटाला बोट लागायला नको.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी पद्या जरा उशिरा आला. दाढी वाढलेली, स्वेटर अंगात लोंबत होता. कुणीतरी विचारलं, "काय मास्तर, उपास बिपास?" तो म्हणाला, "झोप नीट लागंना झालीय." मग क्रिकेटचा विषय निघाला आणि झोपेचा राहिला.

सौद्याला तो इंद्रजितसमोर बसला. त्याचा हात गार होता. इंद्रजितनं पद्याच्या संघातली नावं घ्यायला सुरुवात केली. "विघ्नेश." शून्य. "हरपाल." शून्य. "धाकटा राठी." दोन. इंद्रजितनं सहज खडा टाकून पाहिला. "सोमनाथ बंडगर." चार.

चार! अठ्ठ्याऐंशीचा चार! इंद्रजितला वाटलं अंगठी बिघडली. त्यानं घाईघाईनं विघ्नेशला मागितलं, बदल्यात एक बसून असलेला राखीव खेळाडू देऊ केला आणि वर काहीच नाही. कोणत्याही शहाण्या माणसानं रुमाल त्याच्या तोंडावर फेकला असता. पद्यानं हात सोडला. म्हणजे सौदा पक्का.

रशीदनं मान पुढं केली. "का रं पद्या, असा..."

"मिसळ! मिसळ!" सगळे एकदम ओरडले. टेबलं बडवली. "रशीदनं 'का' विचारलं! आता सोडू नका ह्याला! कट वाढा, जादा कट!" रशीद आधी गांगरला, मग तोही हसायला लागला आणि खिशात हात घालून उठला. पद्याही हसत होता, पण आवाज नव्हता त्याला. पुढं काय विचारणार होता ते रशीदनं पुन्हा कधी विचारलं नाही. त्याला दोन रविवार सौद्याला बसायची बंदी होती.

सोमवारी इंद्रजितनं अंगठीवाल्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडं एक गोड आवाजाची मुलगी होती, मराठी स्वच्छ.

"मॅडम, समोरच्याची ओढ सगळ्यालाच शून्य दाखवतेय. अंगठीत बिघाड असेल का?"

"इतरांचे आकडे बरोबर येतात ना, सर?"

"बरोबर येतात."

"मग बिघाड नाही. काही व्यक्तींच्या बाबतीत असं होतं. आमच्याकडं अशा नोंदी आहेत." ती क्षणभर थांबली, समोरचं वाचत असावी. "अशा वेळी जमेल तेवढे व्यवहार लवकर उरकून घ्यावेत. ही संधी फार काळ टिकत नाही."

"का टिकत नाही?"

"ती माहिती आमच्याकडं नाही, सर. आणखी काही मदत करू?"

इंद्रजितनं फोन ठेवला आणि वहीत पद्याच्या संघातली नावं उतरवून काढली. कुणाकडून काय घ्यायचं, कोणत्या क्रमानं घ्यायचं. खोटं कशाला बोला, त्याला त्या मुलीचं बोलणं जरा विचित्र वाटलं होतं. पण जरा म्हणजे किती? सोमवारच्या दुपारपुरतं. संध्याकाळी सामना होता आणि विघ्नेशनं चौदा गुण आणले.

पुढच्या तीन रविवारी त्यानं पद्याचा संघ सोलून काढला. हरपाल घेतला, राठी घेतला, दोन्ही कोपरे घेतले. दर वेळी गार हात, दर वेळी शून्य. पद्या नावं ऐकायचा आणि सोडून द्यायचा. घरातलं जुनं सामान कुणी मागावं आणि आपण 'न्या' म्हणावं, तसा. एकदा तर स्वतःहून म्हणाला, "अजून काय पाहिजे बघ. घेऊन टाक." गुणतक्त्यात इंद्रजित सहाव्या क्रमांकावरून पहिल्यावर आला. रात्री अंथरुणावर त्याला तांब्या दिसायचा, टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवलेला. आता एकच राहिलं होतं, सोमनाथ. तो आला की शेवटचे पाच सामने नुसते बघत बसायचे.

डिसेंबरमधल्या एका रविवारी सकाळी सातलाच पद्याचा फोन आला.

"इंद्या, जरा लौकर ये की. बाकीचे यायच्या आधी."

"सौदा करायचा?"

पद्या म्हणाला, "करू की. ये."

इंद्रजित पोचला तेव्हा कँटीनवाला नुकता स्टोव्ह पेटवत होता. पद्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. आज त्यानं दाढी केली होती, भांग पाडला होता, धुतलेला शर्ट घातला होता. इंद्रजितला वाटलं, आज गडी तयारीनं आलाय, आज सांभाळून.

"बस," पद्या म्हणाला. "चहा सांगितलाय."

"चहा होईल नंतर. रुमाल टाक."

पद्यानं रुमाल टाकला. इंद्रजितनं त्याचा हात हातात घेतला आणि नाव घेतलं. "सोमनाथ बंडगर."

चार.

"राठी परत देतो, वर एक राखीव. आणि वर गुण."

"बरं," पद्या म्हणाला.

आता फक्त बोटं दाबायची होती. पण पद्यानं बोटं दाबली नाहीत आणि हातही सोडला नाही. तो रुमालाकडं बघत होता. मग त्यानं मान वर न करताच विचारलं, "इंद्या, उद्या मिरजेला जायचंय मला. अकरा वाजता. येतोस का बरोबर?"

काचेच्या कोपऱ्यात आकडा उसळला. हिरव्याचा लाल झाला. सोमनाथ बंडगर, ओढ ९३. खाली बारीक अक्षरांत सूचना आली, 'समोरच्याला वेळ देऊ नका.'

त्र्याण्णव! या अख्ख्या हंगामात कुणाचाच आकडा इथवर गेला नव्हता. म्हणजे इतके दिवस हा सोंग करत होता तर! सगळा संघ देऊन टाकला आणि आता खऱ्या मालाला हात घातल्यावर कळ आली. आणि काय चलाख, विषय बदलतोय, मिरज काढतोय मधेच.

"मिरजेला काय आता?" तो म्हणाला. "आधी हे उरकू."

"काम आहे जरा. एकट्यानं जायला नको वाटतंय."

९३. तसूभर हलला नाही. पद्याचा हात पहिल्यांदाच ऊबदार लागत होता, आणि त्यानं इंद्रजितचा पंजा घट्ट धरला होता. बोटं दाबणं नव्हे ते. नुसतं धरणं.

"बघू की," इंद्रजित म्हणाला आणि तीन बोटं दाबली. तीस गुण. "बोल."

"अर्ध्या तासाचं काम आहे. तू नुसता बाहेर बसलास तरी..."

"अरे बघू म्हटलं ना, लेका! सकाळी फोन करतो. तीस, बोल. आत्ता बोल, नाहीतर राहिलं."

पद्यानं वर पाहिलं. इंद्रजितनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही, तो काचेवरचा आकडा बघत होता. आकडा उतरायला लागला होता. साठ. एकतीस. नऊ. त्याला वाटलं, तुटला, गडी तुटला, आता सोडणार.

शून्य.

पद्यानं हात सोडला. "घे," तो म्हणाला. "सांभाळ त्याला. फार चांगलं पोरगं आहे."

चहा आला तोवर बाकीचे येऊ लागले होते. इंद्रजित उभा राहून एकेकाला ओरडून सांगत होता, सोमनाथ आला, सोमनाथ आला, आणि सगळे त्याच्या पाठीत गुद्दे घालत होते. पद्या केव्हा उठून गेला ते कुणी पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी इंद्रजितला सावळजला माल बघायला जायचं होतं. फोन करायचं त्याच्या डोक्यातून निघून गेलं. आठवणीत होतं आणि केलं नाही असंही नाही. ते त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

गुरुवारी पहाटे पद्या गेला. स्वतःहून गेला. त्याचे तपशील सांगून कुणाचं भलं होणार नाही. सकाळी नऊ वाजता रशीदचा फोन आला.

स्मशानात सोमनाथ बंडगर आला होता. हैदराबादचा सामना सोडून आला होता. एवढा धिप्पाड पोरगा, गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि कुणी पाणी दिलं तरी घेत नव्हता. इंद्रजितला त्याच्याजवळ जायचं धाडस झालं नाही. तो आपल्या संघात आहे, हा विचार मनात आला आणि त्यानं तिकडं पाठ फिरवली. लीग त्याच दिवशी बंद झाली. बंद करूया असं कुणी म्हटलंदेखील नाही.

पंधरा दिवसांनी तो पद्याच्या घरी गेला. रोज जाऊ जाऊ म्हणत होता आणि कोपऱ्यावरून परत फिरत होता. पद्याच्या बायकोनं, उज्ज्वला वहिनींनी दार उघडलं. त्या तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पाणी दिलं, समोर बसल्या आणि आडपडदा न ठेवता विचारलं.

"भाऊजी, त्या सोमवारी त्यांची मिरजेला वेळ घेतलेली होती. मनाच्या डॉक्टरांकडं. मीच घेतली होती, तीन महिने मागं लागून. माझ्याबरोबर यायला तयार नव्हते. म्हणाले, तिथं तुझ्या ओळखीचे असतात, लाज वाटते. इंद्या आला तर जाईन म्हणाले. रविवारी विचारतो त्याला, म्हणाले." त्या थांबल्या. "तुम्हाला विचारलं होतं का त्यांनी?"

"नाही, वहिनी," इंद्रजित म्हणाला.

किती पटकन आलं ते तोंडातून. विचार करायला वेळही लागला नाही.

वहिनींनी मान हलवली. "मग राहिलंच असेल विचारायचं. संकोची होते हो. हसायचे मोठ्यानं, पण स्वतःचं कधी सांगायचे नाहीत." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मला वाटलं होतं, तुम्हाला तरी विचारतील."

तो कसाबसा उठला, बाहेर आला आणि गाडीत बसला. किल्ली फिरवली नाही. त्या रविवारपासून अंगठीच्या नोंदी त्यानं उघडल्या नव्हत्या. आता मोबाईलवर उघडल्या. सगळ्यात वर, चांदणी लावून, यंत्रानं एक सौदा ठेवला होता. 'या हंगामातला तुमचा सर्वोत्तम व्यवहार.' त्यानं तो उघडला. प्रत्येक सेकंदाचा आकडा होता आणि शेजारी त्या सेकंदाला बोलले गेलेले शब्द.

'सोमनाथ बंडगर', ४. 'बरं', ३. 'मिरजेला जायचंय मला', ५८. 'येतोस का बरोबर', ९३.

यंत्राला त्यानं दिलेल्या यादीतली नावं तेवढी कळत होती. बाकीचं बोलणं ते लिहून घ्यायचं, पण त्याचा अर्थ लावायचं नाही. ओढ किती आहे ते त्याला अचूक कळायचं. कशाची आहे ते कळायचं नाही, म्हणून ते शेवटी ऐकलेल्या नावाला आकडा चिकटवून मोकळं व्हायचं. मोजणीत काही चूक नव्हती. कशातच रस न उरलेल्या एका माणसाला एक गोष्ट हवी होती आणि ती त्यानं मागितली होती. स्वच्छ मराठीत, हात हातात धरून.

इंद्रजितनं खाली वाचलं. 'एकट्यानं जायला नको वाटतंय', ९३. 'तू नुसता बाहेर बसलास तरी', ९३. मग त्याचं स्वतःचं बोलणं, 'आत्ता बोल, नाहीतर राहिलं', आणि त्यापुढं साठ, एकतीस, नऊ, शून्य. सगळे मिळून अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत तो आनंदात होता, हे त्याला चांगलं आठवत होतं.

त्याला हुंदका आला नाही. त्यानं मोबाईल शेजारच्या सीटवर पालथा ठेवला. निघून जावं, असं त्याला फार वाटलं. वहिनींनी विश्वास ठेवला होता. कुणाला कधी कळलं नसतं. ती कंपनीतली मुलगी सोडली तर कुणाला काही माहीत नव्हतं, आणि ती विचारणार नव्हती.

पंधरावीस मिनिटांनी तो खाली उतरला आणि परत जाऊन त्यानं कडी वाजवली.

वहिनींनी दार उघडलं. त्यांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि त्या बाजूला झाल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"विचारलं होतं," तो म्हणाला. "मी मघाशी खोटं बोललो. त्यानं विचारलं होतं मला. दोनदा. तिसऱ्यांदा विचारत होता."

मग त्यानं सगळं सांगितलं. अंगठी, काच, आकडे, विघ्नेश, हरपाल, शून्य, फोनवरची मुलगी. मधे कुठं थांबला नाही, थांबलो तर बोलता येणार नाही हे त्याला माहीत होतं. मोबाईल पुढं धरून त्यानं ती ओळ दाखवली. वहिनींनी मोबाईल हातात घेतला नाही. लांबूनच वाचलं.

"त्र्याण्णव म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"एवढं कुणीच काही मागितलं नव्हतं, वहिनी. या अख्ख्या वर्षात."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बघू म्हणालो."

आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. वहिनींनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्या ओरडतील, शिव्या देतील, दार तोंडावर आपटतील, असं त्याला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मी रोज त्यांच्याशेजारी झोपत होते," त्या सावकाश म्हणाल्या. "रोज त्यांच्या तोंडाकडं बघायचे. आज बरं आहे की वाईट आहे, काही म्हणजे काही कळायचं नाही. नर्स असून कळायचं नाही. देवाला म्हणायचे, एकदा दिसू दे, यांच्या मनात काय आहे ते एकदा दिसू दे मला." त्यांचा आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. "तुम्हाला दिसत होतं, भाऊजी."

इंद्रजितनं मान खाली घातली.

"हो," तो म्हणाला. "मला दिसत होतं."